बारा बोटांचं पोवळं

आमच्या चांदनीचं लग्न झालं ते साल २०२४. जुलै महिन्यात, सुरतेला. माझा मुलगा रूपचंद तिथे कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून त्याच्या मुलीचं लग्नही तिथेच झालं. ही गोष्ट त्या लग्नाची नाही, पण लग्नासाठी घरातली माणसं सुरतेला गेली नसती तर ती घडली नसती.

नंदुरबारच्या घरात आम्ही चौघं राहतो. मी, दाखूबाई. माझे मालक नेमीचंद, वय ब्याऐंशी; बोलताना मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घ्यावं लागतं. नातू अभिनंदन, चांदनीचा मोठा भाऊ, त्याची मिरची कुटायची गिरणी आहे. आणि त्याची बायको आयुषी. ती सुरतेची. आदल्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा दागिने एका पिशवीत आणि पोवळी थर्माकोलच्या खोक्यात घेऊन आली. दागिन्यांची पिशवी तिने वरच्या बर्थवर ठेवली होती आणि खोकं सुरतपासून नंदुरबारपर्यंत मांडीवर धरलं होतं. हे अभिनंदन अजून सगळ्यांना सांगतो.

बैठकीत तिने जुन्या ट्रंकेएवढी काचेची पेटी मांडली. आरओच्या मशीनचं गोडं पाणी, त्यात समुद्राचं मीठ मोजून घातलेलं, वर निळसर दिवा, आत दगड आणि दगडांवर पोवळी. नेमीचंदांना ते पटलं नाही. जैनाच्या घरात जीव कोंडून ठेवायचे म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. आयुषी डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, की यात मासा नाही, कुणाला मांस घालावं लागत नाही, ही पोवळी उजेडावर जगतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेडातून अन्न तयार करतं आणि पोवळ्याला वाटा देतं. तुकडे तिच्या कॉलेजच्या सरांनी टाकीतच वाढवलेले, समुद्रातून तोडलेले नव्हेत, आणि त्याचे कागदही आहेत. यांनी चष्मा लावून ते कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचले.

"कागद बरोबर आहेत," ते म्हणाले. "पाप बरोबर आहे असं यात कुठे लिहिलेलं नाही."

मी मात्र नव्या नातसुनेची बाजू घेतली. उजेडावर जगतात म्हणजे सूर्य मावळला की यांचं जेवण बंद, आपल्यासारखा चौविहारच करतात की, असं मी म्हणाले. सगळे हसले. आयुषी जरा जास्तच हसली. ते का, हे मला नंतर कळलं.

पोवळं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असं मी समजत होते. माझ्या आईने लग्नात घातलेली लाल पोवळ्यांची माळ साठ वर्षं माझ्या गळ्यात होती. आमच्या जैन स्थानकात महाराजसाहेबांकडून, म्हणजे साधूंकडून, ऐकलं होतं, की माती, दगड, मीठ, सोनं, तसं पोवळं. पृथ्वीकाय जीव, एक इंद्रिय असलेला, त्याला फक्त स्पर्श कळतो. पेटीत तर दगडच दिसत होते. एक मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, एक बशीसारखा, आणि एक जांभळा, फांद्याफांद्यांचा, वीतभर उंच. त्याला आम्ही जांभळं झाड म्हणायचो.

मला अक्षरओळख साठीत झाली. चांदनी तेव्हा इथेच, दुसरीत होती, तिच्याच पुस्तकावरून ती मला शिकवायची आणि चुकलं की माझ्या पाठीवर पट्टी मारायची. बारीक अक्षरासाठी मी भिंग वापरते. एका संध्याकाळी आयुषीने ते माझ्या हातातून घेतलं, पेटीच्या काचेला लावलं आणि म्हणाली, "दादीसा, आता बघा. हलू नका, श्वासही हळू घ्या."

मी पाहिलं. त्या जांभळ्या दगडावर राजगिऱ्याएवढ्या वाट्या होत्या, शेकड्यांनी. आणि प्रत्येक वाटीतून एक फूल बाहेर येत होतं. फूल नव्हे. मधे तोंड होतं, आणि तोंडाभोवती बोटं. काचेसारखी, टोकाला पांढुरका ठिपका असलेली. मी एका तोंडाभोवतीची बोटं मोजली. बारा. दुसऱ्याची मोजली. बाराच. वर, खाली, फांदीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही तिथेसुद्धा बाराच. इतकं लहान काम, आणि एकाही ठिकाणी चूक नाही. माझे गुडघे दुखत होते, ते दुखायचे थांबले की मलाच कळेनासं झालं, सांगता येत नाही.

आयुषी म्हणाली, दगड म्हणजे ती नव्हेत, दगड त्यांनी बनवलेला आहे. पाण्यातला चुना घेऊन ती आपल्याखाली हाड रचत जातात आणि वर कांद्याच्या पापुद्र्याएवढं मांस असतं. शेकडो तोंडं, पण मांस एकच, एकाने खाल्लं की शेजाऱ्याला पोचतं.

"तोंड कशाला लागतं?" मी विचारलं. "उजेड काय तोंडाने खातात?"

तेव्हा तिने कबूल केलं, की समुद्रात अंधार पडला की ती या बोटांनी बारीक किडे पकडून खातात. इथे ती काही घालत नाही. तेव्हाच का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणे दादासा शेजारीच बसले होते.

मी गळ्यातली माळ काढली आणि भिंगाखाली धरली. गुळगुळीत लाल मणी. त्यांना वाट्या नव्हत्या, घासून गेल्या असतील. साठ वर्षं मी कुणाची तरी हाडं गळ्यात घालून सामायिकाला, ध्यानाला, बसत होते. दुसऱ्या दिवशी ती माळ मी डब्यात ठेवली. पुन्हा घातली नाही.

त्यानंतर माझा नेम झाला. सूर्य मावळला की पेटीसमोर आसन टाकायचं, तोंडाला मुहपत्ती बांधायची आणि सामायिक करायचं. अठ्ठेचाळीस मिनिटं हलायचं नाही. आयुषी म्हणायची, कॉलेजात तिच्या सरांनासुद्धा इतका वेळ स्थिर बसून पोवळं बघता येत नव्हतं. नेमीचंद म्हणायचे, सामायिकात नजर नाकाच्या शेंड्यावर हवी, हिची काचेवर आहे.

जूनच्या शेवटी आयुषी आणि अभिनंदन लग्नाच्या तयारीला सुरतेला गेले, ते तीन आठवड्यांसाठी. आम्ही दोघं लग्नापुरते दोन दिवस जाऊन आलो. मागे पेटीचं काम माझ्याकडे. काम सोपं होतं. पेटीतलं पाणी रोज वाफ होऊन कमी होतं, पण मीठ मागे राहतं. म्हणून काचेवरच्या खुणेपर्यंत रोज तांब्याभर गोडं पाणी घालायचं. त्यासाठी आयुषीने आरओच्या पाण्याचा कॅन भरून ठेवला होता.

कॅन पाच दिवसांत संपला. आता मशीन चालवायचं होतं. ते मशीन एक बादली पाणी देतं आणि तीन बादल्या नळीतून मोरीत सोडतं. माझ्याच्याने ते बघवेना. पाण्याच्या एका थेंबात किती जीव, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून तर पाणी फडक्याने गाळायचं, गरजेपुरतंच वापरायचं. आणि घरात शुद्ध पाणी होतंच की. मी रोज सकाळी पाणी गाळून उकळते आणि थंड करून हंड्यात भरते. आम्ही दोघं तेच पितो. महाराजसाहेब गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आले तर त्यांनाही तेच देतो. त्याहून चांगलं पाणी या घरात नव्हतं. मी रोज त्या हंड्यातलं तांब्याभर पाणी दोन्ही हातांनी पेटीत घालू लागले. नवकार मंत्र म्हणत घालायचे.

आयुषी परत आली, पेटी बघून खूश झाली. पाण्याचं काम माझ्याकडेच राहू दे म्हटलं, तर म्हणाली, "आता तुमचंच, दादीसा." पाणी कुठलं, हे तिने विचारलं नाही. माझ्याही मनात सांगण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये पहिला शंख पडला. पेटीची काच साफ ठेवायला आत पाच शंख होते, समुद्रातल्या गोगलगायी. दिवसभर काचेवरून फिरायच्या. त्यातला एक खाली वाळूवर उलटा पडला. आयुषीने सरळ केला, तो पुन्हा पडला. चार दिवसांनी दुसरा. शंख हा दोन इंद्रियांचा जीव, त्याला स्पर्श कळतो आणि चव कळते, हे आमच्यातल्या लहान पोरालाही पाठ असतं. नेमीचंदांनी ते दोन रिकामे शंख तळहातावर घेतले आणि आयुषीला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"बेटा, तू हौशीने ठेवलंस, मी बोललो नाही. पण माझ्या बैठकीत जीव मरायला लागले. शंख म्हातारे असतील असं तू म्हणतेस, मी मानतो. यानंतर त्या पोवळ्यांतलं एक जरी गेलं, तर ही पेटी तुझ्या सरांकडे परत जाईल."

आयुषीने मान हलवली. आणि त्याच आठवड्यात जांभळ्या झाडाच्या बुंध्याशी पांढरी कड दिसली.

पहिल्यांदा मला वाटलं, रंग उडाला. आयुषीने माझं भिंग मागितलं. बघताना तिचा चेहरा उतरला. तिने मला जवळ घेऊन दोन गोष्टींतला फरक दाखवला, तो मी कधी विसरणार नाही. पोवळं उन्हाने, तापाने पांढरं पडतं, तेव्हा त्याच्यातलं शेवाळ निघून गेलेलं असतं, पण मांस असतं. काचेसारखं, आरपार, आणि बोटं हलत असतात. ते उपाशी असतं, मेलेलं नसतं. इथे तसं नव्हतं. इथे पांढऱ्या जागेत वाट्या होत्या, पण वाट्यांत कुणी नव्हतं. नुसतं हाड. त्याच्या वर एक फाटकी कड, भाजलेल्या वांग्याची साल सुटावी तशी, आणि कडेच्या वर लगेच बारा बोटांची जिवंत तोंडं, जणू काही झालंच नाही.

"मांस सुटतंय," ती म्हणाली. "खालून वर चाललंय. का, ते सापडलं तर थांबेल."

मग शोध सुरू झाला. आयुषी एकेक कारण घ्यायची आणि तपासून बाजूला ठेवायची. पोवळं खाणारे चपटे किडे असतात, ते चावले की गोल ठिपके दिसतात. तिने भिंगाने फांदी न् फांदी पाहिली, अंडी शोधली. नव्हती. पाण्याची उष्णता पाहिली. बरोबर. खार पाहिला, काचेच्या नळीत थेंब थेंब औषध टाकायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. थेंब मी मोजायचे. बरोबर. पंपाची वीज पाण्यात उतरते का, म्हणून अभिनंदनने टेस्टर लावला. नाही. मग तिला मिरचीची शंका आली. अभिनंदन गिरणीतून यायचा तो लाल होऊनच. त्याला मागच्या दाराने येऊन, आंघोळ करूनच बैठकीत पाय ठेवायचा हुकूम झाला. तो म्हणाला, बायकोने नवऱ्याला घरात घेण्याआधी समुद्राला विचारलं, असं नंदुरबारात पहिल्यांदाच घडत असेल. कड तरीही चढत राहिली.

आमच्याकडे भांडी घासायला फुलीबाई येते. तिने पेटीसमोर उभं राहून निदान सांगितलं.

"माय, नजर लागनी शे या झाडले. इतलं गोजिरं घरमा ठेवानं नही."

तिने मीठमोहऱ्या ओवाळायची तयारी दाखवली. आयुषी म्हणाली, ओवाळ, पण मोहरी पाण्यात पडू देऊ नकोस.

मला थेंब मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण कड किती चढली, हे आयुषी अंदाजाने सांगायची आणि अभिनंदन वेगळंच सांगायचा, यावरून त्यांचं वाजायचं. मी शिवणाचा दोरा घेतला. सामायिकाच्या आधी काचेच्या बाहेरून दोरा धरायचा, वाळूपासून पांढऱ्या कडेपर्यंत, आणि तिथे गाठ मारायची. मग वहीत तारीख घालून लिहायचं: आज करंगळीच्या नखाएवढं चढलं, आज अर्धं नख, आज एक. त्या दिवशी घरात काय झालं तेही एका ओळीत. वीज गेली होती. पाहुणे आले होते. तिसरा शंख पडला. हा तिसरा आयुषीने यांच्यापासून लपवला नाही. यांनी ऐकलं आणि पोवळ्याबद्दल बोललो होतो, शंखाबद्दल नाही, एवढंच म्हणाले.

पर्युषण आलं. मी सुरुवातीपासून स्थानकात राहिले, झोपायलासुद्धा तिथेच. संवत्सरीला सगळ्यांशी खमतखामणा करून, म्हणजे वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागून, आठ दिवसांनी घरी आले. आसन टाकलं, दोरा धरला. गाठ जिथल्या तिथे होती. आठ दिवसांत कड हललीच नव्हती. आयुषीने मधे दोन बादल्या पाणी बदललं होतं, त्यामुळे असेल असं तिला वाटलं. अभिनंदन म्हणाला, दादीच्या तपाने थांबलं. फुलीबाई म्हणाली, मीठमोहऱ्यांनी. मी खूश झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेमाने पाणी घालू लागले.

दहा दिवसांत कड दोन बोटं चढली. चौथा शंख पडला.

त्या दुपारी मी वही घेऊन नेमीचंदांजवळ बसले. ते पेटीकडे बघत नसत, पाठ करूनच बसत. त्यांना मी पहिल्यापासून वाचून दाखवलं. माझं वाचन हळू आहे, त्यांनी घाई केली नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की आधी शंख मेले की आधी पोवळं सुटायला लागलं. मी पान मागे उलटलं. आधी शंख.

"मग तांबं असेल," ते म्हणाले.

मला कळेना. ते म्हणाले, पूर्वी दुकानात आम्ही मोरचूद विकायचो. कोरीट गावचे शेतकरी मिरचीवरच्या बुरशीला मारायला न्यायचे. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. पाण्याच्या टाक्यांत गोगलगायी झाल्या तर त्यातही तेच टाकायचे. आधी गोगलगाय मरते, मग बाकीचं. महाराजसाहेबांसमोर विष विकायचं नाही असा नियम घेतला, तेव्हा तो माल त्यांनी बंद केला. त्याला पस्तीस वर्षं झाली.

"पण त्या पेटीत तांबं कुठून जाणार?" असं म्हणून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

मी तिथेच बसून राहिले. स्वयंपाकघराच्या मागे फुलीबाई हंडा घासत होती. चिंच लावून, राखेने, रोज घासते तसा. हंडा सोन्यासारखा लखलखत होता आणि दगडावरून निळसर हिरवं पाणी ओघळत होतं. तो हंडा माझ्या सासूबाईंचा. तांब्याचा. मी वही उघडली. पर्युषणाचे आठ दिवस मी घरी नव्हते. हंड्यातलं पाणी पेटीत घालायला कुणी नव्हतं, आयुषीने मशीनचंच घातलं असणार.

आयुषी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती. माझ्याच्याने जिना चढवत नाही, पण चढले. ती पाठमोरी असतानाच सांगितलं, कारण ती वळली असती तर मला बोलता आलं नसतं.

"आयुषी, पेटीत मी जे पाणी घालते ते तुझ्या मशीनचं नाही. माझ्या हंड्यातलं आहे."

ती वळली. "किती दिवस झाले?"

"तू सुरतेला गेलीस, कॅन संपला, तेव्हापासून."

तिने हातातला कपडा दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग दुसरा चिमटा लावला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "उकळून?"

"गाळून, उकळून. घरातलं सगळ्यात चांगलं."

"तुमच्या पोटाला ते चांगलंच आहे, दादीसा. त्यांना ते सहन होत नाही." मग जराशाने, "वही कुठे आहे?"

तिने सगळ्या तारखा तपासल्या. सरांना फोन केला. सुरतेहून येणाऱ्या एका नातेवाइकाकडून दुसऱ्याच दिवशी तांबं तपासायचं औषध आलं. तिने तीन नळ्या मांडल्या: मशीनचं पाणी, पेटीतलं पाणी, हंड्यातलं पाणी. थेंब मीच टाकले. पहिलं पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्यावर सावली पडल्यासारखी झाली. तिसऱ्याला चक्क रंग चढला. नेमीचंद दारात उभे होते. त्यांनी तिन्ही नळ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

आयुषीने पाणी बदललं, तांबं ओढून घ्यायला कोळशाची पिशवी सोडली. पण जांभळ्या झाडाची सुटलेली कड आता थांबेल याची खात्री नव्हती. एकदा सुटायला लागलं की कधी कधी सुटतच जातं, असं सर म्हणाले. वरचं मांस अजून चांगलं आहे तोवर टोकं कापून वेगळी करायची. रविवारी सकाळी तिने पक्कड घेतली आणि मला बादली धरायला सांगितलं.

माझ्या हातून असं काम आजवर झालं नव्हतं. जिवंत जीव कापायचा, आणि तो वाचवायला कापायचा. मी विचारलं, त्याला दुखेल का. आयुषी म्हणाली, माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. खोटं बोलली नाही, याचं मला बरं वाटलं. मी मनात नवकार सुरू केला. पक्कड मिटली, खडूचा तुकडा मोडावा तसा आवाज झाला. तीन टोकं, प्रत्येक अंगठ्याएवढं. तिने ती लहान दगडांवर चिकटवली आणि स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवली. बोटं सगळी आत गेली होती. नुसते दगड दिसत होते, पहिल्या दिवशी दिसले होते तसे.

पाच दिवस मी त्या भांड्यापाशी बसले. सहाव्या संध्याकाळी भिंग धरलं आणि एक तोंड उघडलेलं दिसलं. मग त्याच्या शेजारचं. कापलेल्या कडेवर मांस उतरू लागलं होतं, उघड्या हाडावर पातळ साय धरावी तसं, आणि त्या सायीत सुईच्या टोकाएवढी नवी वाटी उठत होती. मी बोटं मोजायला गेले. अजून आलेली नव्हती. नुसतं तोंड होतं.

पेटीतलं जुनं झाड मात्र सुटत गेलं. शेवटची जांभळी फांदी पांढरी झाली त्या दिवशी आयुषीने स्वतःच थर्माकोलचं खोकं माळ्यावरून काढलं. यांनी शब्द दिला होता आणि घरात यांचा शब्द मोडत नाही. ती खोक्यावरची धूळ पुसत बसली. अभिनंदन गिरणीला गेलाच नाही.

मी नेमीचंदांसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मारलं मी. पेटीने नाही, तिने नाही. घालवायचं तर मला घालवा."

ते म्हणाले, "तुला कुठे घालवू? सुरतेचं हवापाणी तुला मानवत नाही."

मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं वही मागतात. त्यांना भिंग हवं होतं. आयुषीने भांडं उजेडात सरकवलं. वर्षभर पाठ करून बसलेला माणूस गुडघे टेकून खाली बसला. भिंग डोळ्याशी धरलं. मग हळूच मोजताना ऐकू आलं. बारापर्यंत गेले, थांबले, पुन्हा एकपासून सुरू केलं. दुसरं तोंड. मग तिसरं.

"हे तेच आहे की दुसरं?" त्यांनी आयुषीला विचारलं.

ती म्हणाली, झाडातलंच मांस आहे, तेच वाढत आलेलं. जुना बुंधा मेला, हे तेच पुढे चाललंय. एक म्हणावं की अनेक, तिला सांगता येणार नाही.

"शास्त्रात याला एक इंद्रिय आहे," ते म्हणाले. "महाराजसाहेबांना विचारावं लागेल." आणि उठताना अभिनंदनचा हात धरून म्हणाले, "खोकं वर ठेव. यांना आता प्रवास सोसणार नाही."

आता मशीन रोज सकाळी नेमीचंद चालवतात. मोरीत जाणारी नळी त्यांनी पिंपात सोडली आहे. त्या पाण्याने फुलीबाई लाद्या पुसते आणि कपडे धुते, थेंब वाया जात नाही. पेटीत पाणी घालायचं काम त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. कॅनमधून घेते, स्टीलच्या पेल्याने. चुकीबद्दल साध्वी महासतीजींकडे आलोयणा, म्हणजे प्रायश्चित्त, घेतलं, सांगितले तेवढे उपवास केले. दाराआडून यांचा रोज एक प्रश्न येतो, किती तोंडं झाली, आणि मी मोजून सांगते.

त्या वर्षी आमच्या घरात चार शंख मेले: दोन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तिसरा ऑगस्टच्या शेवटी, चौथा सप्टेंबरच्या मध्यावर. पेटीतलं जुनं जांभळं झाड शनिवारी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, सकाळी मेलं.